परिषदेतली तिसरी खुर्ची

मोटारसायकल चढाच्या मध्यावर थांबली, तेव्हा तिउर्मानं आधी केकचा खोका चालकाच्या हाती दिला आणि मग त्याच्याच खांद्याला धरून ती खाली उतरली.

"वळणापर्यंत सोडतो की, इबू," चालक म्हणाला. इथं वयानं मोठ्या बाईला सगळे इबूच म्हणत, आई म्हणावं तसं.

तिनं मान हलवली. पुढे चिखल होता, पण ती थांबली ती चिखलासाठी नव्हे. तिला चालायचं होतं. चालता चालता वाक्य जुळेल, असं तिला वाटत होतं.

गुरुवारपासून ते वाक्य जुळत नव्हतं. ‘तातांग, परिषदेनं असं ठरवलंय की’ इथवर ते सरळ येई आणि तिथंच अडे. उभी हयात तिनं बांडुंगच्या विद्यापीठात क्वांटम भौतिकी शिकवली होती. नापास झालेल्यांना समोर बसवून नापास म्हणून सांगितलं होतं, दोघांतिघांना तर हा विषय सोडा असंही सांगितलं होतं. त्या वेळी जीभ अडली नव्हती. पण त्यांतल्या कुणाकडे जाण्यासाठी ती अशी केकचा खोका घेऊन डोंगर चढली नव्हती.

चढाच्या टोकाला बी ओनाहचं, म्हणजे ओनाहमावशीचं, भज्यांचं दुकान होतं. बाकावर कोबीच्या मळ्यातले दोन मजूर कॉफी पीत बसले होते. कढईतला झारा वर न काढताच बी ओनाहनं विचारलं,

"प्रलयवाल्या बापाककडे का, इबू?"

तिउर्मा थांबली. "तातांगकडे."

"तेच ते. त्यांना म्हणावं, आज डोंगर फुटायचा असेल तर सकाळीच सांगत जा. मी पीठ कमी भिजवीन."

मजूर हसले. तिउर्माला हसू आलं नाही, पण रागही आला नाही. एप्रिलमध्ये काय झालं ते तिला माहीत होतं. ह्या ज्वालामुखीच्या पोटातली हालचाल टिपायला बसवलेल्या तातांगच्या यंत्राचा आकडा एका दुपारी वर चढत गेला होता, तो थांबेचना. त्यानं वरच्या निरीक्षण चौकीला फोन केला. चौकीवरून गावच्या मुखियाला कळलं, मुखियानं लाकडी घंटा बडवली. लोकांनी शेळ्या, म्हाताऱ्या, गॅसच्या टाक्या असं हाती लागेल ते ट्रकमध्ये घातलं आणि दोन रात्री खालच्या शाळेत काढल्या. डोंगर मात्र जागचा हलला नाही. चौकीवरच्या जुन्या यंत्रांचे काटे आधीपासून स्वस्थच होते. तिसऱ्या दिवशी गाव परत आलं आणि तेव्हापासून तातांगला ‘प्रलयवाले बापाक’, प्रलयवाले साहेब, हे नाव चिकटलं.

बी ओनाहनं गरम भजी कागदात गुंडाळून पुढे केली. "ही घेऊन जा त्यांना. पैसे राहू द्या. दोन दिवस झाले, इकडे फिरकला नाही माणूस. चेष्टा करायची म्हटली तरी समोर कुणीतरी पाहिजे ना!"

एका हातात खोका आणि दुसऱ्या हातात भजी घेऊन तिउर्मा कोबीच्या मळ्यामधल्या पायवाटेनं निघाली. वाक्याचं ‘की’ अजून तिथंच होतं.

*

तातांगच्या प्रकल्पाला सल्लागार परिषद होती, तीन जणांची. परिषदेचे अध्यक्ष प्राध्यापक ओंग सिंगापूरचे. दुसरे मियोशी सेंदाईचे. ते बैठकीत क्वचितच बोलत, आणि बोलले की सगळ्यांना लिहून घ्यावं लागे. तिसरी तिउर्मा. इथली, निवृत्त, आणि तिघांत एकटीच अशी की जिनं आयुष्यभर कागदावर काम केलं होतं आणि लेझरला कधी हात लावला नव्हता. तातांगनंच तिला आग्रहानं घेतलं होतं. तो तिचा विद्यार्थी.

मागच्या आठवड्यातली बैठक संगणकाच्या पडद्यावर झाली. ओंगनी मांडलं ते साधं होतं. यंत्र प्रयोगशाळेत उत्तम चालत होतं, डोंगरावर भरकटत होतं. आकडा बदलतोय तो डोंगर बदलतोय म्हणून की यंत्रच डळमळतंय म्हणून, हे तातांगला सांगता येत नव्हतं. तेव्हा यंत्र दोन वर्षांसाठी सिंगापूरच्या शांत तळघरात न्यावं. तिथं नवा प्रमुख नेमावा. तातांगचं नाव ‘स्थानिक सहकारी’ म्हणून राहील.

मियोशींनी हात वर केला. तिउर्माच्या डोळ्यांसमोर शाळेच्या आवारात घोंगड्या पांघरून बसलेल्या म्हाताऱ्या होत्या. एकदा खोटं ओरडलेलं यंत्र उद्या खरं ओरडलं तर कुणी जागचं उठणार नाही, हे तिला दिसत होतं. तिनं हात वर केला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत तो हात तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

गुरुवारी ओंगचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मऊ, लोण्यासारखा.

"पत्र मी पाठवीनच. पण त्याआधी कुणी प्रत्यक्ष सांगितलं तर बरं. तुम्ही त्याला आईसारख्या. तुमच्या तोंडून त्याला कमी लागेल."

तिनं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. कारण वाईट वाटण्याबरोबर तिला थोडा आनंदही झाला होता. कुठंतरी जायचं होतं. कुणाला तरी भेटायचं होतं. मागच्या वर्षी जन्मगावी, बालिगेला, तिचा भाऊ वारला, त्यानंतर बाताक बोलीत तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. फोन यायचे ते औषधाच्या दुकानातून. परिषदेचे कागद आले की ती ते तीनतीनदा वाचे, बैठकीच्या आदल्या दिवशी ब्लाउजला इस्त्री करी, आणि पडद्यावर खांद्याखालचं काही दिसत नाही हे माहीत असूनही नवी चप्पल घालून बसे.

*

तातांग दारातच उभा होता. त्यानं दाढी केली होती. अंगात इस्त्रीचा बातिक शर्ट होता, नमुन्यात तपकिरी पक्षी. तिउर्माला वाटलं, कुणी मंत्रीबिंत्री येणार आहे की काय.

"या, या, इबू. जपून. इथं ओलं आहे." त्यानं पुढे होऊन खोका घेतला आणि त्यावरचं दुकानाचं नाव वाचलं. "बिका आंबोन? मेदानवाल्याकडचा? आज काय आहे?"

"काय असायचंय? खा."

"वीस वर्षांत तुम्ही मला चहासुद्धा स्वतःच्या पैशानं पाजला नाहीत."

"आणि वीस वर्षांत तू मला पुसलेली खुर्ची दिली नाहीस," ती म्हणाली. आत टेबलाशी खुर्ची होती, नुकती पुसलेली. तिची पाठ अजून ओली होती.

तो हसला, पण लगेच दुसरीकडे पाहायला लागला.

शेड पत्र्याची होती. मधोमध सिमेंटचा जाड चौथरा जमिनीत खोल गेलेला. त्याच्यावर काळ्या पडद्याआड यंत्र उभं. रुबिडियमचे थोडे अणू लेझरच्या प्रकाशानं इतके गार करायचे की ते जवळजवळ थबकतात. मग त्यांना सोडून द्यायचं. पडता पडता एकच अणू दोन वाटांनी जातो आणि तळाशी पुन्हा स्वतःला भेटतो. त्या भेटीत जे पट्टे उमटतात त्यांवरून जमिनीची ओढ किती, ते कळतं. डोंगराच्या पोटात तप्त शिलारस हलला तर ती ओढ केसभर बदलते. तो केसभर फरक पकडायला हे यंत्र इथं आलं होतं. त्यामागचं गणित तिउर्मानं कधीकाळी ह्याच तातांगला फळ्यावर शिकवलं होतं. यंत्र मात्र त्यानं बांधलं होतं, स्वतःच्या हातांनी.

पडद्यामागे घडीची खाट दिसली. उशी, खुंटीवर टॉवेल, एक लहान आरसा. तातांगची बायको मुलीला घेऊन माहेरी गारुतला गेली त्याला आता सहा महिने होत आले होते. भांडण झालं नव्हतं. ‘तुम्ही डोंगराशीच संसार करा,’ असं ती हसत म्हणाली होती, आणि हसतच गेली होती, असं तातांगनं एकदा सांगितलं होतं. त्यानंतर तो विषय त्यानं काढला नाही, तिनंही विचारला नाही.

"आधी जेवू," तो म्हणाला. "मग बोलू."

"काय बोलायचंय?"

"काही नाही. असंच. तुम्ही आलात, बोलणं होईलच ना."

त्यानं डबा उघडला. हळदीचा पिवळाजर्द वास आला आणि त्यामागून दुसरा एक तीक्ष्ण, लिंबासारखा वास. तिउर्मा त्या वासाजवळ एकदम थबकली. आर्सिक. अख्खा मासा, पोटात कांद्याची पात आणि त्यावर अंदालिमानचे काळे दाणे, जे जिभेला झिणझिण्या आणतात. बालिगेला तिच्या आईच्या घरचं जेवण.

"हे कुठून आणलंस?"

"बस अड्ड्यामागे तुमच्या बाताक लोकांची खानावळ आहे ना, तिथून. आत डुक्कर शिजतं, म्हणून मी बाहेर उभा राहून मागवलं. मालकीण म्हणाली, मुकाट्यानं आत या, माशाची कढई वेगळी आहे. मी म्हटलं, माझी आई बघत असेल." त्यानं स्वतःसाठी भात, तळलेलं टोफू आणि कच्च्या पाल्याबरोबर मिरचीची चटणी वाढून घेतली. "खा ना. थंड होईल."

एवढ्या लांब जाऊन त्यानं हे आणलं होतं. एकटा पडला की माणूस असा होतो, तिला वाटलं. कुणी येणार म्हटलं की शर्टाला इस्त्री करतो. तिला नव्या चपलेची आठवण झाली आणि तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मासा चांगला होता. तिनं दोन घास घेतले, ओठ झिणझिणले. आता, असं मनाशी म्हणून तिनं मान वर केली.

"तातांग—"

"आणखी रस्सा घ्या." त्यानं डबाच तिच्या ताटावर कलंडवला.

थोड्या वेळानं त्यानंच घसा खाकरला.

"इबू, एक सांगायचं होतं. कधीपासून सांगेन म्हणतोय—"

तो बायकोचं बोलणार, हे तिनं ओळखलं, किंवा ओळखलं असं तिला वाटलं. आणि ते आधी ऐकून घेतलं तर मग आपल्याला आपलं सांगता येणार नाही, हेही. तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"थांब. आधी मी. परिषदेनं असं ठरवलंय की..."

आणि मग वाक्य आपोआप पुरं झालं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी लहान निघालं ते. यंत्र सिंगापूरला जाणार, दोन वर्षं, नवा प्रमुख, तुझं नाव राहील. ती बोलायची थांबली तेव्हा पत्र्यावर कसलीशी पानं घसरत गेल्याचा आवाज ऐकू आला.

तातांगनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"तिघांनी?"

"तिघांनी."

"तुम्हीही हात वर केला?"

"केला."

तो ओरडेल, निदान उठून जाईल, असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. रागानं नव्हे. वर्गात चोरून चिठ्ठी वाचताना सापडलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"ओंगनी सांगायला सांगितलं तुम्हाला?"

"हो."

"काय म्हणाले? तुम्ही त्याला आईसारख्या?"

तिउर्मा त्याच्याकडे पाहतच राहिली.

"मला शुक्रवारी त्यांचा फोन आला," तातांग म्हणाला. "तुझ्या त्या गुरू आहेत, तुझ्या तोंडून त्यांना कमी लागेल. असं म्हणाले." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "परिषदेत बदल करतायत, इबू. थिअरीची जागा काढून टाकतायत. त्या जागी एक इंजिनिअर येणार, कंपनांचा तज्ज्ञ. पुढच्या बैठकीपासून."

थोडा वेळ तिला नीटसं कळलंच नाही. थिअरीची जागा म्हणजे कुठली, असं तिनं जवळजवळ विचारलं असतं.

"म्हणजे मी," ती म्हणाली.

"हो."

तिनं चमच्यानं माशाचा एक तुकडा सोडवला आणि त्यातले बारीक काटे एकेक करून वेचायला लागली. ताटाच्या कडेला ते काटे तिनं शेजारी शेजारी मांडले.

"ओंगनी ठरवलं?"

तातांग ताटातली शितं बोटानं गोळा करू लागला.

"तातांग, ओंगनी ठरवलं का?"

"मी लिहिलं होतं त्यांना," तो म्हणाला. "मीच सुचवलं. मला वाटलं, कंपनांचं कळणारा एक माणूस परिषदेत आला तर यंत्र इथंच सुधारता येईल. इथून हलवावं लागणार नाही. ते मला काढणार आहेत हे मला काय माहीत? त्यांनी माझं अर्धं ऐकलं."

"केव्हा लिहिलंस?"

"जूनमध्ये."

काटे वेचणारा तिचा हात थांबला. जूनमध्ये तो तिच्या घरी आला होता. पिशवीभर अवोकाडो घेऊन. चांगला दोन तास बसला होता. तो गेल्यावर दोन दिवस ती अवोकाडो पिकताहेत का ते दाबून पाहत होती आणि दर वेळी तिला बरं वाटत होतं.

"तेव्हा घरी आला होतास तू."

"सांगायलाच आलो होतो. लिहायच्या आधी." त्यानं मान खाली घातली. "तुम्ही भावाचं बोलत होतात. त्यांच्या अंत्यविधीचं, तुम्हाला विमान मिळालं नाही ते. मग कसं सांगणार? इथं परतलो आणि रात्री लिहून टाकलं."

तिउर्मानं काटे वेचलेला तुकडा तोंडात घातला. चव लागली नाही, नुसत्या झिणझिण्या आल्या. तिनं तो नीट चावून गिळला.

"बरोबर लिहिलंस," ती म्हणाली. "यंत्र थरथरतंय, त्याला माझ्या समीकरणांचा काय उपयोग? मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं."

"म्हणूनच विचारलं नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही लगेच हो म्हणाला असता. खुर्चीतून उठून, चष्मा काढून, ‘बरोबर आहे’ म्हणाला असता. ते मला बघवलं नसतं." थोडं थांबून तो म्हणाला, "तुम्ही मला का नाही विचारलंत?"

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो."

"मग?"

"निदान नाही म्हणायला मिळालं असतं," तातांग म्हणाला.

उठून तिनं दोघांची ताटं उचलली. तो नको नको म्हणत असताना बाहेरच्या नळाशी नेऊन ती घासली. पाणी बर्फासारखं गार होतं. समोर मळ्यांच्या वर डोंगर उभा होता, माथ्यावर ढगाची टोपी, कुणाचंच काही देणं नसल्यासारखा. तिच्या मनात आलं, आपल्या दोघांपैकी एकानं जरी लबाडी केली असती तर आज किती सोपं झालं असतं. निदान एकाला तरी रागावता आलं असतं.

ती आत आली तेव्हा भजी तशीच कागदात होती, तेलानं कागद पारदर्शक झाला होता. केकचा खोकाही उघडला नव्हता.

"एकदा सोडून दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"अणू. पाच वर्षं सल्ला देतेय, पण समोर बसून एकदाही पाहिलं नाही."

तातांगनं दिवे मालवले. काळा पडदा सारून त्यानं तिला संगणकाच्या छोट्या पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. काही वेळ नुसता अंधार होता. मग त्या अंधारात एक पुसटसा ठिपका उजळला, धुक्यात लांबून येणाऱ्या एकाच दिव्यासारखा. तो थरथरत थोडा वेळ राहिला आणि गेला.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच. पुन्हा?"

"पुन्हा."

त्यानं पुन्हा सोडले. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी तिनं मागायच्या आधीच.

*

परतताना त्यानं तिला मोटारसायकलनं जाऊ दिलं नाही. त्याची जुनी किजांग गाडी खोकत खोकत सुरू झाली. बी ओनाहच्या दुकानापुढून जाताना त्यानं काच खाली केली नाही. बी ओनाहनं मात्र झारा उंचावून काहीतरी ओरडून घेतलं आणि मजूर हसले.

घाटात कोबीचा ट्रक घसरून रस्त्यात आडवा अडकला होता. पुढे मागे गाड्यांची रांग लागली. लोक उतरून रस्त्यावर गडगडलेले गड्डे गोळा करत होते. काही ट्रकमध्ये टाकत होते, काही स्वतःच्या पिशवीत. तातांगनं इंजिन बंद केलं. दोघांनाही आता बोलायचं कारण उरलं नव्हतं. पुढच्या बैठकीत दोघांपैकी कुणीही नव्हतं.

"पाण्याचं मी वजा केलं," तातांग एकदम म्हणाला. तो समोरच्या ट्रककडेच पाहत होता. "पाऊस जमिनीत मुरतो, त्याचं वजन. ते वजा केलं. उन्हानं चौथरा फुगतो, तेही केलं. ट्रक जातात त्या वेळचे आकडे काढून टाकले. तरी आकड्यात थोडं उरतं, इबू."

"केवढं?"

"अगदी थोडं. पण उरतं. आणि ते कमी होत नाही."

"अहवालात नव्हतं हे."

"अहवालात काय लिहू? उरतं म्हणून लिहू? एप्रिलनंतर?" तो तिच्याकडे वळला. "परिषदेसाठी विचारत नाही मी. परिषद गेली खड्ड्यात. तुम्हाला विचारतोय. ते काय असेल?"

तिउर्मानं चष्मा काढला, पदरासारखी खांद्यावर घेतलेली शाल धरून काचा पुसल्या आणि चष्मा पुन्हा घातला. फळ्यासमोर उभी असती तर तिनं आता खडू उचलला असता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही."

पुढचा ट्रक सरळ झाला, रांग हलली. तातांगनं गाडी सुरू केली. उतारावर संध्याकाळचं धुकं यायला लागलं होतं, खाली शहराचे दिवे एकेक लागत होते.

"डोंगर असेल," काही वेळानं तिउर्मा म्हणाली.

गाडीचा वेग कमी झाला.

"डोंगर असेल," ती पुन्हा म्हणाली, ह्या वेळी स्वतःशीच बोलावं तशी. "तसं असलं तर तुझं यंत्र बरोबर आहे. मग मी हात वर केला तो चूक. आणि यंत्र तर आता जाणार." ती थांबली. "म्हणजे आधी आपल्याला नक्की कळलं पाहिजे. आकडे कुठं आहेत?"

"डोक्यात आहेत सगळे. यंत्राशेजारीच झोपतो मी."

"मग सांग. सगळ्यात पहिल्यांदा उरलं ते केव्हा?"

"मार्चमध्ये. दोन पाऊस झाले होते तेव्हा."

"मोठे?"

"एक मोठा."

"आणि मोठा पडून गेल्यावर आकडा किती दिवसांनी खाली आला?"

तो सांगू लागला. ती मधेच अडवून विचारत होती, तो चिडून पुन्हा सांगत होता, एकदा तर त्यानं स्टिअरिंगवर हात आपटला आणि ती म्हणाली, असा हात आपटतोस म्हणून यंत्र डळमळतं. दागोच्या उतारावर झाडं दाट झाली, डाव्या हाताला फुलवाल्यांच्या टपऱ्या आल्या, मग औषधाचं दुकान आलं. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

तातांग बोलता बोलता थांबला. आरशात मागे पाहिलं.

"तुमचं वळण मागे गेलं, इबू."

"दिसलं मला," तिउर्मा म्हणाली. "तू चालव. एप्रिलचं सांग आता."